बाणावरचे तीन पट्टे

रविवारी सकाळी आमच्या गावाच्या क्रीडांगणावर पंधरा-वीस मुले-मुली धनुष्यबाण घेऊन जमतात. मी त्यांची प्रशिक्षक नाही. शाळेचे क्रीडाशिक्षक त्यांना शिकवतात. मी बाण मोजते, निखळलेली पिसे चिकटवते, गुणांचे तक्ते लिहिते आणि गवतात हरवलेले बाण शोधते. आठवडाभर सरकारी कार्यालयात कारकुनी केल्यावर ही मोकळी सकाळ मला हवीहवीशी वाटते. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले, तेव्हापासून मैदानावर येणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे. त्यांचे प्रश्नही वाढले आहेत.

अशाच एका रविवारी सहावीतल्या एका मुलीने माझ्या हातातला बाण निरखून पाहिला. पिसांच्या खाली दांडीभोवती तांबडा, पिवळा आणि काळा असे तीन पट्टे होते. तिने विचारले, "ताई, हे पट्टे कशाला असतात? यांनी बाण लांब जातो का?"

"नाही," मी म्हणाले. "बाण कोणाचा ते ओळखू यावं म्हणून असतात."

तिचे समाधान झाले आणि ती आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली. माझे उत्तर चूक नव्हते. स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूच्या प्रत्येक बाणाच्या दांडीवर त्याचे नाव किंवा नावाची आद्याक्षरे असावी लागतात. आणि एका फेरीत वापरलेल्या सगळ्या बाणांची पिसे, खाचा व पट्टे असल्यास तेही एकाच रंगाचे आणि एकाच नमुन्याचे असावे लागतात. एकाच लक्ष्यावर दोघातिघांचे बाण रुतलेले असताना कोणाला किती गुण द्यायचे, हे त्यावरून ठरते. शिवाय वाळक्या गवतात बांबूची काडी पडली तर ती गवताचीच होऊन जाते. तांबडा पट्टा असेल तर दहा पावलांवरून दिसते. पट्टे पिसांजवळच काढायचे यालाही कारण आहे. दांडीचा पुढचा भाग लक्ष्यात घुसतो, तिथला रंग चार दिवस टिकत नाही.

हे सगळे मला त्या मुलीला सांगता आले असते. पण त्या तीन पट्ट्यांविषयी मला जे खरोखर ठाऊक आहे, ते एवढ्याने संपत नाही. ते मी आजवर कोणालाच सांगितलेले नाही.

माझे वडील पेंटर होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. तालुक्याच्या बाजारपेठेतली निम्मीअधिक दुकाने त्यांच्या हातच्या पाट्या कपाळावर घेऊन उभी होती. किराणा दुकाने, शिलाईची दुकाने, दवाखाने, पतसंस्था, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, निवडणुकीतली चिन्हे, ट्रकच्या मागची वेलबुट्टी, असे सगळे ते रंगवीत. खडूत बुडवलेली सुतळी ताणून भिंतीवर सूत मारायचे, मग त्या रेषेवर एकेक अक्षर बसवायचे आणि शेवटी प्रत्येक अक्षराला डावीकडून सावली द्यायची, हा त्यांचा क्रम होता. बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात बैल उभे राहत. आप्पा त्यांची शिंगे रंगवून वर पट्टे ओढीत. त्या कामाचे पैसे ते घेत नसत.

मी नववीत असताना शाळेत तिरंदाजी सुरू झाली. तेव्हा आमच्याकडे होता तो इंडियन राउंड, म्हणजे बांबूचे धनुष्य आणि बांबूचे बाण. तीस आणि पन्नास मीटर अशी दोन अंतरे. सरांनी मला आठ बाण दिले. ते सगळे एकाच जुडग्यातले होते, आणि वर्गातल्या इतरांचेही तसेच. पहिल्याच आठवड्यात अदलाबदल होऊन माझे दोन बाण दुसऱ्याकडे गेले आणि मी रडत घरी आले. आप्पांनी उरलेले बाण हातात घेतले, एकेक बाण डोळ्यासमोर आडवा धरून त्याचा बाक पाहिला आणि म्हणाले, "खूण करू. मग हरवायचे न्हाईत."

त्या रात्री त्यांनी दोन लाकडी ठोकळ्यांना वरच्या बाजूने करवतीने खाचा पाडल्या. ठोकळे हातभर अंतरावर ठेवून त्या खाचांमध्ये बाण आडवा टेकवला. डाव्या हाताच्या बोटांनी ते दांडी सावकाश फिरवू लागले. उजव्या हातात लांब केसांचा बारीक ब्रश होता आणि मनगट एका आडव्या काठीवर टेकलेले होते. ब्रशचे टोक दांडीला नुसते लागले, दांडी फिरली आणि जिथून रेघ निघाली होती तिथेच ती परत येऊन मिळाली. सांधा कुठे आहे हे शोधूनही सापडले नाही.

मलाही करून पाहायचे होते. माझी रेघ नागमोडी गेली. आप्पा म्हणाले, "हात हालला की रेघ हालती. हात थांबव, काडी फिरव."

पाट्या रंगवताना भिंत स्थिर असते आणि हात चालतो. इथे सगळे उलटे होते. लाखकाम करणाऱ्या कारागिराला मी पुढे एकदा सावंतवाडीला पाहिले; तोही चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी नुसती टेकवून स्वस्थ बसला होता. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळत होती आणि रंग आपण होऊन लाकडाभोवती फेर धरीत होता. मला आप्पांचे वाक्य आठवले.

फिरवून रंगवण्याचा आणखी एक उपयोग असतो, हेही त्या रात्री कळले. दांडी सरळ असेल तर ओढलेला पट्टा फिरताना स्थिर दिसतो; जरा बाक असेल तर तो वरखाली नाचतो. दोन बाणांचे पट्टे नाचले. आप्पांनी ते बाण चुलीच्या निखाऱ्यावर शेकून, फडक्यात धरून, हलक्या दाबाने सरळ केले आणि पुन्हा रंगवले. तांबडा रंग एका औषधाच्या दुकानाच्या पाटीतून उरलेला, पिवळा शाळेच्या भिंतीतला आणि काळा सावल्या देण्यासाठी नेहमीच भिजवलेला. असे तीन डब्यांच्या तळातून माझे पट्टे तयार झाले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्या घरात एक बदल झाला. तो मी पाहिला, पण मला समजला नाही. तालुक्याला फ्लेक्स छापणारे यंत्र आले. एका दिवसात पाटी, तिच्यावर मालकाचा फोटो आणि किंमत निम्मी. बाजारपेठेतल्या आप्पांच्या पाट्या एकेक करून फ्लेक्सच्या मागे गेल्या. त्या काढून टाकण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत. वरून ताणून फ्लेक्स मारला की काम झाले. आप्पा घरी अधिक वेळ दिसू लागले. माझ्या बाणांचे पट्टे ते वरचेवर दुरुस्त करीत. एवढ्याशा घासाने उडालेला काळा रंग पुन्हा भरताना ते तास-दीड तास बसत. मला वाटे, त्यांना माझ्या खेळाचे कौतुक आहे. कौतुक होतेच. पण त्या दिवसांत रेघ ओढायला त्यांच्याकडे दुसरे फारसे काही उरलेले नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

अकरावीत मी जिल्ह्याच्या संघासाठी सरावाला जाऊ लागले. तिथे शहरातल्या मुली होत्या. त्यांचे बाण स्वच्छ, पिवळसर बांबूचे, कुठेही रंगाचा ठिपका नसलेले. पहिल्याच दिवशी एकीने माझा बाण उचलून पाहिला आणि हसत म्हणाली, "अगं, ही तर बैलाची शिंगं!" बाकीच्याही हसल्या. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. तरीही माझा चेहरा तापला. गंमत अशी की ती बरोबरच बोलली होती. तो हात शिंगे रंगवणाराच होता.

सरांनी माझे बाण तोलून पाहिले तेव्हा दोन बाणांवर रंगाचे थर जास्त बसलेले आढळले. ते म्हणाले, "या दोनांचा रंग थोडा उतरव. मागचा भाग जड झाला की बाणाचा तोल मागे सरकतो, आणि सगळे बाण सारखे पडत नाहीत." सांगणे योग्य होते आणि ते दोनच बाणांपुरते होते. मी त्या रात्री वसतिगृहात ब्लेड घेतले आणि आठही बाण खरवडले. पट्ट्यांवर आप्पांनी बारीक अक्षरांत घातलेली माझी आद्याक्षरेही गेली. बॉलपेनने मी ती पुन्हा लिहिली. सरांनी सांगितले म्हणून रंग काढला, असे मी स्वतःला समजावले. हे खोटे होते आणि ते मला तेव्हाच ठाऊक होते.

विभागीय स्पर्धेच्या निवडीचा दिवस उजाडला. माझ्याबरोबर त्याच लक्ष्यावर दुसऱ्या तालुक्यातली एक मुलगी होती. अंगाने बारीक, अबोल, दोन वेण्या घातलेली. आमचे दोघींचे बाण एकाच विक्रेत्याकडचे होते, पिसेही एकाच रंगाची. तीस मीटरची शेवटची फेरी झाली आणि आम्ही लक्ष्याकडे चालत गेलो. तिघीचौघींचे घोळके सगळ्या लक्ष्यांपुढे उभे होते. आमच्या लक्ष्यावर सहा बाण होते. चार कोणाचे ते आम्हाला दोघींनाही नीट ठाऊक होते. राहिलेल्या दोनांपैकी एक दहाच्या वर्तुळात होता आणि दुसरा खाली, तीनमध्ये. घामाने आणि हाताळण्याने दोघींचीही बॉलपेनची अक्षरे पुसून गेली होती.

गुण लिहिणाऱ्याने विचारले, "दहाचा कोणाचा?"

मी म्हणाले, "माझा."

त्या क्षणी मी खोटे बोलत आहे असे मला वाटले नाही. मी खरे बोलत आहे असेही वाटले नाही. उत्तर देण्याची घाई झाली होती, एवढेच आठवते. त्या मुलीने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. गुण लिहिले गेले. बाण उपटले गेले. दहाचा बाण मी माझ्या भात्यात ठेवला, तीनचा तिने घेतला. संध्याकाळी यादी लागली. मी तिच्यापेक्षा चार गुणांनी पुढे होते आणि शेवटची जागा मला मिळाली होती.

घरी आले तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. निवड झाल्याचे ऐकून त्यांनी आईला साखर आणायला सांगितली. मग नेहमीप्रमाणे त्यांनी माझे बाण मागितले. स्पर्धेहून आल्यावर प्रत्येक बाण जवसाच्या तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. रंग खरवडलेला त्यांनी पाहिला. त्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. एकेक बाण पुसून ते बाजूला ठेवू लागले. पाचव्या की सहाव्या बाणावर त्यांचा हात थांबला. तो बाण त्यांनी दिव्याजवळ नेला, फिरवला, नखाने चाचपला.

"ह्यो आपला न्हाई," ते म्हणाले.

मी म्हणाले, "आपलाच आहे, आप्पा."

त्यांनी दुसरा बाण उचलून माझ्यापुढे धरला. बांबूच्या पेराशी एक बारीक खोबण असते. ब्लेड वरून कितीही फिरले तरी त्या खोबणीत जात नाही. तिथे केसाएवढी तांबडी रेघ राहिली होती. सातही बाणांवर ती होती. एकावर नव्हती.

"आपला कुठं हाय मग?" त्यांनी विचारले.

आवाजात राग नव्हता. हरवलेल्या वस्तूची चौकशी करावी तसा तो साधा प्रश्न होता. पण त्या प्रश्नापुढे माझी तीन गुणांची चूक, दहा गुणांचे खोटे आणि ब्लेडने खरवडलेली ती रात्र अशी सगळी एका रांगेत येऊन उभी राहिली. मी हिशेब केला. दहा आणि तीन यांची अदलाबदल केली तर माझे सात उतरत होते आणि तिचे सात चढत होते. माझ्या चार गुणांच्या आघाडीच्या जागी ती दहा गुणांनी पुढे येत होती.

मी सगळे सांगितले. आप्पांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग नाव काढून घे."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. मी मागे सरले तर यादीतली पुढची मुलगी जाणार होती, आणि पुढची तीच होती. प्रकृती ठीक नसल्यामुळे स्पर्धेस जाता येत नाही, असे मी अर्जात लिहिले. आप्पांनी तो अर्ज वाचला. आयुष्यभर अक्षरांवर जगलेल्या त्या माणसाने कागद परत देताना एवढेच म्हटले, "अक्षर चांगलं काढलंस." त्यांना काय म्हणायचे होते ते मला कळले, पण अर्ज बदलण्याचे धैर्य मला झाले नाही. ती मुलगी स्पर्धेला गेली. आपली जागा आपल्याला परत मिळाली आहे, हे तिला कधीच कळले नाही. कोणाच्या तरी आजारपणामुळे दैवाने संधी दिली, असेच तिला वाटले असणार. जागा मी सोडली. चूक मात्र माझ्या नावावर घेतली नाही.

पुढे नोकरी लागली, संसार सुरू झाला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी.ए. केले. रात्री सगळी निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरात बसून पुस्तके वाचायचे ते दिवस होते. त्या वाचनात कालिदासाचे 'विक्रमोर्वशीय' माझ्या हाती आले. त्याच्या पाचव्या अंकापाशी मी थांबले. पुरूरवा राजाचे मौल्यवान रत्न एक गिधाड मांसाचा तुकडा समजून उचलून नेते. कोणीतरी बाण मारून त्या पक्ष्याला पाडते. तो बाण राजापुढे आणला जातो. त्यावर अक्षरे कोरलेली असतात: मारणाऱ्याचे नाव आयुष, आणि तो उर्वशीचा व पुरूरव्याचा पुत्र. आपल्याला मुलगा आहे हे राजाला तोवर ठाऊकच नसते. बाणावरच्या नावाने बापाला मुलाची ओळख पटते. आनंदाबरोबर दुःखही येते. कारण पुत्रमुख पाहताच उर्वशीने स्वर्गात परतावे, अशी इंद्राची अट असते.

ते वाचताना माझ्यापुढे आमची ओसरी उभी राहिली. तिथेही एका बापाने दिव्याजवळ बाण धरला होता. पुरूरव्याला बाणावर नाव सापडले. आप्पांना सापडले नाही. पण ओळख दोघांनाही पटली होती. बाण आपला नाही हे आप्पांनी ओळखले आणि मुलगी काय करून आली आहे, हेही त्याच क्षणी ओळखले.

तेव्हापासून बाणांवरच्या खुणांविषयी जे मिळेल ते मी वाचत गेले. 1991 साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेजवळ, बर्फात गोठलेला एक मानवी देह सापडला. सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या या माणसाला 'ओत्झी' हे नाव मिळाले. त्याच्या भात्यात चौदा दांड्या होत्या. त्यांपैकी दोनच पुऱ्या बनवलेल्या होत्या. त्या दोहोंवर पिसे डांबरासारख्या चिकाने बसवून वरून बारीक दोऱ्याने गुंडाळलेली होती. 1545 साली बुडालेले 'मेरी रोझ' हे इंग्रजी युद्धनौकेचे धूड 1982 साली समुद्रातून वर काढण्यात आले. त्यातल्या हजारो बाणांच्या मागच्या भागावर रेशमी दोऱ्याचे वेढे आणि तांब्याच्या अंशामुळे हिरवट झालेल्या लेपाच्या खुणा आढळल्या. आपण ज्याला सजावट म्हणतो तिची मुळे अशी गरजेत असतात. दोरा आधी पिसे धरून ठेवण्यासाठी आला. एकदा तो आल्यावर तो नीट, सारख्या अंतराने, आवडीच्या रंगात गुंडाळावा असे कोणालातरी वाटले असेल. प्रत्येकाचे गुंडाळणे वेगळे, म्हणून त्याची ओळख झाली.

ओत्झीच्या कहाणीचा दुसरा भाग मात्र मला अधिक अस्वस्थ करतो. देह सापडल्यावर दहा वर्षांनी, 2001 साली, क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाग्र रुतलेले दिसले. त्याला मागून बाण मारण्यात आला होता. टोक आत राहिले. दांडी नाहीशी झाली. पिसे, दोरा, काही खूण असेल तर ती खूण, हे सगळे दांडीबरोबर गेले. कोणी मारला हे सांगू शकणारा भागच तिथे उरला नाही.

हे वाचल्यावर मला पट्ट्यांचा अर्थ निराळा दिसू लागला. बाण एकदा सुटला की आपल्या हातात काही राहत नाही. बोललेला शब्द आणि सुटलेला बाण परत येत नाही, असे आपल्याकडे म्हणतातच. तो दहात जाईल, तीनमध्ये जाईल किंवा गवतात जाईल. पट्टा त्याची दिशा बदलू शकत नाही. पट्टा फक्त एवढेच म्हणतो की हा जिथे जाईल तिथे तो माझा असेल. दहामध्ये गेला तर माझा, आणि तीनमध्ये गेला तरीही माझाच. ब्लेडने मी जे खरवडले, त्यात आप्पांची लाज होतीच; पण त्याबरोबर तीनमधला बाण आपला म्हणण्याची सोयही गेली. खूण नसली की माणसाला दहाचा बाण आपला वाटू लागतो.

आता मैदानावर कार्बनचे बाण आले आहेत. दांडी बोरूहूनही बारीक, काळीभोर आणि गुळगुळीत. तिच्यावर ब्रशने पट्टे ओढण्याऐवजी व्हिनाईलच्या चिकट पट्टीचे वेष्टन चढवतात. मुले त्याला 'रॅप' म्हणतात. वेष्टन चढवल्याने अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर वजन वाढते. म्हणून चढवायचे तर सगळ्या बाणांवर सारखेच. फायदाही आहे. पिसे कार्बनऐवजी वेष्टनावर चिकटवता येतात आणि ती खराब झाली की गरम पाण्यात धरून वेष्टनासकट सोलून काढता येतात; दांडीला ब्लेड लावावे लागत नाही. ही वेष्टने मी तालुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानातून कापून आणते. ज्या यंत्राने आप्पांची पाटी झाकली, त्याच्याच शेजारच्या यंत्रावर ती कापली जातात.

पहिल्यांदा ती घरी आणली तेव्हा आप्पांना दाखवावीत की नाही, याचा मी विचार केला. त्यांचे हात तेव्हा थरथरू लागले होते. चहाची बशीही दोन हातांनी धरावी लागे. ते आपण होऊनच जवळ आले आणि पट्टी हातात घेऊन त्यांनी तिचा गुळगुळीतपणा पाहिला. "वाळायची वाट बघायला नको," ते म्हणाले. "बरं हाय." वेष्टन कसे चढवायचे ते मी दाखवले. दांडी स्पिरिटने पुसायची, मऊ रबरी तुकड्यावर पट्टी चिकट बाजू वर करून पसरायची, तिच्या कडेला दांडी समांतर टेकवायची आणि तळव्याने पुढे लोटायची. दांडी लोळत जाते आणि पट्टी तिच्याभोवती आपोआप गुंडाळली जाते.

आप्पांनी एक दांडी घेतली. टेकवताना हात कापत होता. मी काही बोलले नाही. त्यांनी तळवा ठेवला आणि लोटला. दांडी फिरली. पट्टीच्या दोन कडा एकमेकींना येऊन मिळाल्या. त्यांनी बाण दिव्याजवळ नेला, सांधा शोधला, आणि बऱ्याच दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिले. "तेच हाय," ते म्हणाले. "काडी फिरती."

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून चोवीस बाण केले. आता आप्पा नाहीत. खाचा पाडलेले ते दोन ठोकळे माझ्याकडे आहेत, आणि मैदानावर नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिले काम सांगते ते स्वतःचे रंग निवडण्याचे. बांबूचा बाण असेल तर ब्रश, कार्बनचा असेल तर वेष्टन. पण रंग ज्याचे त्याने निवडायचे आणि ज्याचे त्याने चढवायचे. मुले बराच वेळ घेतात. कोणी आवडत्या संघाचे रंग घेते, कोणी आईच्या साडीचे.

ती सहावीतली मुलगी पुढच्या रविवारी पुन्हा आली. तिने निळा आणि पांढरा निवडला होता. पहिल्या फेरीत तिचा एक बाण शेजारच्या लक्ष्यावर जाऊन बसला, तोही थेट दहामध्ये. शेजारच्या लक्ष्यावर गेलेला बाण हुकलेलाच धरतात. मुलांनी विचारले, "कोणाचा रे हा?" तिने दुरूनच निळा-पांढरा पट्टा पाहिला, आणि कोणी बोट दाखवण्याआधीच हात वर केला. "माझा," ती म्हणाली आणि ओशाळून हसली. मी तक्त्यात तिच्या नावापुढे शून्य लिहिले. लिहिताना माझा हात थोडा थांबला.

माझ्या कपाटात एक बांबूचा बाण आहे. त्याच्या पेराच्या खोबणीत कोणताही रंग नाही. ज्या मुलीचा तो आहे, तिचे पूर्ण नावही मला आज आठवत नाही; तालुका तेवढा आठवतो. तिच्याकडे, तिच्या माहेरच्या माळ्यावर कदाचित, माझा बाण पडला असेल, तीन गुणांचा. नीट पाहिले तर त्याच्या पेराशी केसाएवढी तांबडी रेघ सापडेल. कपाटातला बाण मी दरवर्षी जवसाच्या तेलाने पुसते. त्यावर मी अजून एकही पट्टा ओढलेला नाही. तो माझा नाही.